माणशी किती संगणक?

मार्च २००७ मध्ये स्पेनमधील सेव्हिल शहराजवळ सानलुकार ला मायोर या गावी सुमारे पंचेचाळीस अभ्यासक जमले होते. संगणकशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, डिझाइन अशा निरनिराळ्या शाखांतली ही मंडळी. निमंत्रण मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे होते आणि विषय होता, २०२० साली माणूस आणि संगणक यांचा एकमेकांशी व्यवहार कसा असेल? या व्यवहाराच्या अभ्यासाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एचसीआय’ म्हणतात. चर्चेचा अहवाल २००८ मध्ये ‘बीइंग ह्यूमन’ या नावाने प्रसिद्ध झाला. रिचर्ड हार्पर, टॉम रॉडन, इव्हॉन रॉजर्स आणि ॲबिगेल सेलन हे त्याचे संपादक.

२०२० येऊन गेले. त्यामुळे हा अहवाल आज भविष्य म्हणून नव्हे, तर दस्तऐवज म्हणून वाचता येतो. जुन्या भाकितांना बरोबर-चूकच्या खुणा करत बसणे हा सोपा उद्योग आहे आणि तो मला करायचा नाही. शिवाय तसे केले तर हा अहवाल बऱ्यापैकी गुणांनी उत्तीर्ण होईल. माझी हरकत त्यातल्या एका छोट्या तक्त्याला आहे. तो तक्ता इतका स्वाभाविक वाटतो, की वाचणारा त्यावर थांबत नाही. मीही पहिल्या वाचनात थांबलो नव्हतो.

आधी अशा कार्यशाळांविषयी थोडे सांगायला हवे. एचसीआय या शाखेच्या जडणघडणीत लहान, निवडक बैठकांचा वाटा मोठा आहे. १९७९ मध्ये फ्रान्समधील सेयाक येथे अशीच एक कार्यशाळा झाली होती. माणसाने संगणकाशी देवाणघेवाण कशी करावी, याची काही पद्धतशीर मांडणी होऊ शकते का, हा तिचा प्रश्न होता. १९८२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधील गेथर्सबर्ग येथे परिषद झाली आणि तिच्यातून या शाखेची आजची सर्वांत मोठी वार्षिक परिषद उभी राहिली. जर्मनीत डागश्टूल येथे तर अशा चर्चासत्रांसाठीच वाहिलेली वास्तू आहे. मोठ्या परिषदेत झालेले काम मांडले जाते, तर कार्यशाळेत पुढे कोणते काम करण्याजोगे आहे ते ठरते. तिथे तयार झालेले शब्द पुढे संशोधनाच्या अर्जांत जातात, अर्जांतून अनुदानांत आणि अनुदानांतून शेवटी आपल्या हातातल्या वस्तूंत. म्हणून कार्यशाळेच्या अहवालाची समीक्षा एखाद्या ग्रंथाइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवी. आपल्याकडे ती फारशी होत नाही. अहवाल म्हणजे कुणीतरी कुणालातरी सादर केलेला कागद, अशी आपली समजूत असते.

‘बीइंग ह्यूमन’ने पाच बदल सांगितले होते. इंटरफेसचे स्थैर्य संपेल, म्हणजे पडदा, कळफलक आणि माउस यांची ठरलेली चौकट मोडेल. तंत्रज्ञानावरचे अवलंबित्व वाढेल. माणसे सतत एकमेकांशी जोडलेली राहतील. क्षणभंगुर असे काही उरणार नाही, कारण प्रत्येक गोष्टीची नोंद राहील. आणि लोक तंत्रज्ञानाचा सर्जनशील वापर अधिक करू लागतील. ज्या वेळी ही यादी झाली, तेव्हा आयफोनची घोषणा होऊन दोनच महिने झाले होते आणि तो बाजारात यायचा होता. हे ध्यानात घेतले, तर यादीची नजर दूरवर गेली होती हे मान्य करावे लागते. नोंद पुसली न जाण्याविषयीचा इशारा तर आज तेव्हापेक्षा जास्त खरा वाटतो.

मात्र पहिल्याच मुद्द्यावर मराठी वाचकाच्या मनात शंका यावी. स्थैर्य संपायचे तर ते आधी असावे लागते. मराठीत संगणकावर काम केलेल्या माणसाने ते कधी पाहिले? ज्यांनी नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही मराठी मजकूर जुळवला आहे, त्यांना आठवत असेल, की प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, त्याची आतली सांकेतिक मांडणी वेगळी आणि कळफलकही वेगळा असे. एका छापखान्यात केलेली फाइल दुसऱ्या छापखान्यात उघडली, तर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसे. दरम्यान भारतीय लिपींसाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक सरकारने ठरवला होता, पण टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांनी जुनीच मांडणी धरून ठेवली. पुढे युनिकोड रुजला आणि निदान मजकूर इकडून तिकडे सुखरूप जाऊ लागला. मोबाइल आल्यावर लहान पडद्यावर जोडाक्षरे कशी लिहायची हा नवा प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या आयआयटीतील डिझाइन विभागाने २०१३ मध्ये आणलेला ‘स्वरचक्र’ कळफलक हे त्याचे एक सुरेख उत्तर होते. व्यंजनावर बोट ठेवले, की भोवती त्याच्या बाराखडीचे चक्र उमटते. म्हणजे ज्या काळात इंग्रजीच्या जगात इंटरफेस स्थिर होता असे अहवाल धरून चालतो, त्याच काळात आपण स्थैर्याच्या शोधात होतो. अहवालातला काळ सर्वांचा काळ नव्हता, याची ही पहिली खूण.

दुसरी खूण त्या तक्त्यात आहे.

तक्त्यात संगणकाची चार युगे दिली आहेत. साठच्या दशकात मेनफ्रेमचे युग: अनेक माणसांमागे एक संगणक. ऐंशीच्या दशकात वैयक्तिक संगणकाचे युग: माणशी एक संगणक. २००० नंतर फिरत्या साधनांचे युग: माणशी अनेक. आणि २०२० पासून पुढे सर्वव्यापी संगणकाचे युग: माणशी हजारो. भाजकाच्या जागी माणूस आणि भाज्याच्या जागी यंत्रे ठेवून केलेला हा भागाकार आहे. उत्तर ओळीगणिक वाढत जाते.

हा भागाकार सानलुकारला सुचलेला नाही. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत काम करणारे मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जवळपास असाच क्रम मांडला होता. अनेकांत एक संगणक, मग एकाला एक, मग एका माणसाभोवती अनेक. त्याआधी १९९१ मध्ये वायझर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये एकविसाव्या शतकातील संगणकाविषयी प्रसिद्ध लेख लिहिला. त्यात सॅल नावाची एक काल्पनिक स्त्री आहे. ती जागी होते तेव्हा गजराचे घड्याळच तिला कॉफी हवी का असे विचारते. घरात, गाडीत, कचेरीत जागोजागी लहानमोठे संगणक तिच्या दिमतीला असतात. वायझर यांचा हेतू चांगला होता. संगणकाने माणसाचे लक्ष ओढून घेऊ नये, तो पार्श्वभूमीत विरून जावा, असे त्यांना वाटत होते. पण सॅलचे घर सॅलचे आहे, घड्याळ तिचे आहे आणि प्रश्नही तिला एकटीलाच विचारलेला आहे. भविष्यातला माणूस म्हणून एकदा सॅल डोळ्यांसमोर ठेवली, की प्रश्न एवढाच उरतो, तिच्याभोवती यंत्रे किती?

आता २०२० सालाकडे येऊ. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि काही आठवड्यांत अभ्यास मोबाइलवर येऊ लागला. आमच्या मागच्या गल्लीतील एका घरात तीन मुले आणि एक स्मार्टफोन होता. फोन वडिलांचा. ते दूध घालून नऊच्या सुमारास घरी येत, तोवर थोरल्या मुलीचा पहिला तास संपलेला असे. त्या घराने आपोआप एक वेळापत्रक बसवले होते. दहावीतल्या मुलीला पहिला मान, मग सातवीतला मुलगा आणि धाकटीचा अभ्यास रात्री, व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रांवरून. अधूनमधून शेजारची दोन मुलेही ओट्यावर येऊन बसत. एका यंत्रासमोर रांग, ठरलेल्या वेळा आणि कुणाला आधी द्यायचे याचा निर्णय घेणारे एक वडीलधारे माणूस. संगणकाचा इतिहास वाचलेल्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. विद्यापीठांतील मेनफ्रेमभोवती साठच्या दशकात असेच होते. तक्त्यातील पहिली ओळ, चौथ्या ओळीच्या सालात.

इथे एक हरकत घेतली जाईल आणि ती रास्त आहे. तक्ता सर्वसाधारण दिशा दाखवतो, तो गल्लीतल्या प्रत्येक घराचे वर्णन करत नाही. गरिबीमुळे काहीजण मागे राहतात, पण दिशा तीच असते. उद्या त्या घरात तीन फोन येतील.

येतीलही. पण या उत्तरात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली, की सगळे एकाच रस्त्यावर आहेत आणि फरक फक्त पुढे-मागे असण्याचा आहे. जेनेव्हिव्ह बेल आणि पॉल डॉरिश यांनी २००७ मध्येच वायझर-परंपरेवर नेमके या जागी बोट ठेवले होते. सर्वव्यापी संगणकाचे संशोधन नेहमी अगदी जवळच्या भविष्याविषयी बोलते आणि ते भविष्य नेहमी जवळच राहते, असे त्यांचे निरीक्षण होते. सिंगापूर आणि दक्षिण कोरिया यांची उदाहरणे देऊन त्यांनी दाखवले, की ज्याची वाट पाहिली जात होती ते आलेले आहे. फक्त ते चित्रातल्यासारखे नीटनेटके नाही, म्हणून ओळखू येत नाही.

दुसरे गृहीत अधिक खोलवरचे आहे. यंत्र वाटून वापरणे म्हणजे निव्वळ अभाव, असे त्यात धरले आहे. पुरेसे फोन आले की वाटणे थांबेल. पण माझ्या पाहण्यात तसे होत नाही. घरात फोन आला तरी आजी आपला फोन नातवाच्या हातात देते. शेतकरी स्वतःच्या खिशात मोबाइल असताना सेवा केंद्रातल्या मुलाकडे जातो. कारण अर्जाची भाषा त्याला परकी असते, चूक झाली तर ती निस्तरणे अवघड असते, आणि केंद्रातला मुलगा ओळखीचा असतो. तिथे यंत्र किती आहेत हा प्रश्नच नसतो. प्रश्न विश्वासाचा आणि जबाबदारीचा असतो.

हे ज्ञान त्या काळी नव्हते असे नाही. मायक्रोसॉफ्ट रिसर्चचीच प्रयोगशाळा २००५ पासून बंगळूरमध्ये होती. तिथे इंद्राणी मेधी आणि सहकारी निरक्षर व अल्पशिक्षित लोकांसाठी अक्षरांशिवाय चालणारे इंटरफेस तयार करत होते. त्यासाठी ते वस्त्यांमधल्या, घरकाम करणाऱ्या स्त्रियांबरोबर बसत होते. पुढे २०१० मध्ये नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी अशा वस्त्यांमधील ‘मध्यस्थामार्फत वापरा’वर शोधनिबंध लिहिला. कधी मध्यस्थ दुसऱ्याच्या वतीने यंत्र स्वतःच चालवतो, कधी शेजारी राहून वापर शक्य करून देतो, कधी पडद्यावरचे समजावून सांगतो, असे त्याचे प्रकार त्यांनी वेगळे केले. आमच्याकडच्या कुठल्याही सेवा केंद्रात तासभर बसले, तर हे तिन्ही प्रकार दिसतात.

आणि योगायोग पाहा. ज्या मार्च २००७ मध्ये सानलुकारची बैठक झाली, त्याच महिन्यात केनियात एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली. ‘पेसा’ म्हणजे स्वाहिलीत पैसा. तिला स्मार्टफोन लागत नव्हता, साध्या फोनवरच्या सूचीतून काम होई. सुरुवातीच्या चाचणीत ती सूक्ष्मकर्जाचे हप्ते भरण्यासाठी योजली होती. लोक मात्र तिचा वापर एकमेकांना पैसे पाठवण्यासाठी करू लागले, आणि चालवणाऱ्यांनी तो इशारा ओळखून घरी पैसे पाठवण्याची सेवा म्हणूनच ती बाजारात आणली. तिचा कणा होता तो कोपऱ्यावरचा एजंट, म्हणजे रोख घेणारा, रोख देणारा आणि अडले तर समजावून सांगणारा माणूस. ‘इंटरफेस’ हा शब्द तिथे फोनला लावायचा, की त्या दुकानदाराला? सानलुकारच्या चर्चेतही ‘यूजर’ आणि ‘इंटरफेस’ हे शब्द पुढे अपुरे पडतील असा निष्कर्ष निघाला होता. संगणक माणसाच्या इतका निकट येईल की सीमारेषा पुसट होईल, असे त्याचे कारण दिले होते. निष्कर्ष मला पटतो. पण हे शब्द अपुरे पडले त्याचे आमच्या बाजूचे कारण वेगळे आहे. वापरणारा, ज्याच्यासाठी वापरले जाते तो आणि ज्याच्या नावावर यंत्र आहे तो, हे तिघे बऱ्याचदा वेगवेगळे असतात.

हा वाद केवळ शब्दांचा असता, तर मी दिवाळी अंकाची इतकी पाने अडवली नसती. माणशी एक यंत्र हे गृहीत आज आपल्या रोजच्या कारभारात शिरले आहे. त्याचे सर्वांत साधे रूप म्हणजे ओटीपी. क्रमांक म्हणजे माणूस, असे ते मानते. पण विधवा बाईचे निवृत्तिवेतन गावात आणि खात्याला जोडलेला क्रमांक पुण्यात कामाला असलेल्या मुलाचा, ही स्थिती मी अनेकदा पाहिली आहे. बाई केंद्रात बसलेली, केंद्रचालक फोन लावतोय, मुलगा पाळीवर असल्यामुळे फोन उचलत नाही आणि अंकांची मुदत संपते. मग बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीचे भाडे भरून येते. ज्याने ही पद्धत आखली त्याची चूक फार सूक्ष्म आहे. त्याने सॅलचा विचार केला. या पद्धतीत मध्यस्थाला जागा नाही. त्यामुळे मध्यस्थ नाहीसा होत नाही, तो फक्त नोंदीबाहेर जातो. मग तो इतरांचे परवलीचे शब्द वहीत लिहून ठेवतो, आणि त्या वहीची सुरक्षितता हा कुणाच्याच अभ्यासाचा विषय राहत नाही.

उलट उदाहरणही द्यायला हवे. २०२१ मध्ये राज्यात ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करावी, अशी ती योजना. तिच्या इतर अडचणींविषयी पुष्कळ लिहिता येईल. पण एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय तिच्यात ठेवली गेली. कागदावर ही बाब एका ओळीची आहे. तरीही ती ज्याने घातली त्याला ठाऊक होते, की बांधावर फोन घेऊन जाणारा पोरगा शेजारच्या चार-सहा जणांचेही काम उरकून येणार आहे. त्या एका ओळीत मला अनेक कार्यशाळांपेक्षा जास्त समज दिसते.

‘बीइंग ह्यूमन’वर अन्याय होऊ नये म्हणून त्याचे सर्वांत मोलाचे योगदान सांगतो. अभ्यास, आराखडा, बांधणी आणि मूल्यमापन या प्रचलित चार टप्प्यांच्या आधी ‘आकलन’ हा आणखी एक टप्पा असावा, अशी त्याची सूचना आहे. यंत्र करायला घेण्यापूर्वी, कोणती मानवी मूल्ये त्यात गुंतली आहेत याचा विचार करा, असे तो सांगतो. एका संगणक कंपनीच्या निमंत्रणावरून झालेल्या चर्चेने असे म्हणणे, ही लहान गोष्ट नाही. माझे म्हणणे एवढेच, की हे आकलन मूल्यांच्या यादीपाशी थांबू शकत नाही. खासगीपणा हे मूल्य सॅलच्या घरी एक असते आणि ओट्यावर पाच मुले ज्या फोनभोवती बसली आहेत तिथे दुसरे. कोण कुणाचे यंत्र वापरतो याची मोजदाद ही आकलनाची पहिली पायरी आहे.

ते अशक्यही नाही. २०१७ मध्ये ‘इंटरॅक्ट’ ही या विषयाची जागतिक परिषद मुंबईच्या आयआयटीत झाली, तेव्हा व्याख्याने आणि निबंधांच्या जोडीला क्षेत्रभेटी हा स्वतंत्र विभाग ठेवला होता. सभागृहात भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवणे आणि शहरात जाऊन माणसे काय करतात ते पाहणे यांत मोठे अंतर आहे. निदान ते अंतर आहे, हे तिथे मान्य केले गेले.

एक गोष्ट सांगायची राहिली. ‘बीइंग ह्यूमन’ मी पहिल्यांदा वाचला तो आमच्या गावच्या सायबर कॅफेत. माझ्याकडे संगणक नव्हता. तासाचे पैसे मोजून, तीन बैठकांत, मागे रांगेत थांबलेल्या पोरांचे उसासे ऐकत मी ती पाने वाचली. माणशी अनेक संगणकांच्या युगात आपण आहोत, हे वाक्य मी अनेक माणसांमागे एक असलेल्या संगणकावर वाचले आणि मला काहीही खटकले नाही. मी स्वतःलाच त्या तक्त्यात मागे राहिलेला समजून पुढच्या पानावर गेलो. अशा तक्त्याची खरी ताकद तीच आहे. तो ज्याला वगळतो त्यालाही पटतो.

आता चर्चेचा विषय बदलला आहे. माणसासारखे बोलणारी, त्याच्या वतीने कामे उरकणारी यंत्रे आली आहेत आणि ‘प्रत्येकाला स्वतःचा सहायक’ ही भाषा कानावर येऊ लागली आहे. पुन्हा तोच भागाकार, फक्त भाज्य बदलले. २०४० सालाविषयीच्या कार्यशाळा आजही कुठेतरी भरत असतील. त्यांना माझी एक सूचना आहे. भागाकार उलटा करून पाहा. एका यंत्रामागे माणसे किती, त्यांतले कोण ते हातात धरते, कोण नुसते शेजारी बसून सांगते, आणि चूक झाली तर भुर्दंड कुणाला पडतो? आमच्या मागच्या गल्लीतली ती धाकटी मुलगी आता आठवीत आहे. तिच्या घरी आज दोन फोन आहेत. एक वडिलांचा, एक आईचा. आईचा फोन बहुतेक वेळ तीच चालवते, आणि आईची कामेही त्यावर तीच करते. तक्त्यात तिची नोंद कोणत्या ओळीत करायची?